पायाचा दाखला

बंद पडलेल्या गाडीतलं भारतात जन्मलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला कळतं. त्याच्याकडे गाडी असो वा नसो, लायसन्स असो वा नसो. पासपोर्ट बदलला तरी हे ज्ञान अंगातून जात नाही, याचा पुरावा मला गेल्या वर्षी हरतालिकेच्या दिवशी मिळाला. स्थळ न्यू जर्सी, एडिसनचा ओक ट्री रोड, एका किराणा दुकानाचं पार्किंग.

आम्ही उभयता पुतण्याकडे गणपतीला गेलो होतो. उकडीच्या मोदकांचं पीठ, नारळ, केळीची पानं आणि सोन्याच्या भावाच्या दुर्वा घेऊन आम्ही गाडीशी आलो. आमची ही चाळीस वर्षांच्या सवयीनं डाव्या दाराकडे गेली. अमेरिकेत डाव्या दारामागे स्टिअरिंग असतं, हे तिला महिनाभर सांगून झालं होतं. दार उघडलं आणि तिला खाली मॅटवर पिवळट चुरा दिसला.

"चिवडा खात गाडी चालवतोस का रे?"

"नाही हो काकू. या गाडीत मी कुणाला पाणीसुद्धा पिऊ देत नाही."

"मग हे काय उंदरानं आणलं?" असं म्हणून तिनं दोन चिमटी चुरा उचलला आणि पार्किंगमध्ये झटकून टाकला. मग उजव्या बाजूला येऊन, दोन दारांच्या त्या गाडीच्या मागच्या सीटवर केळीच्या पानांसकट स्वतःला घडी घालून बसवलं.

या गाडीबद्दल सांगायला हवं. जपानी बनावटीची, 1991 सालची, पाच गिअरची, क्लचची. कंपनीचं नाव सांगत नाही. चौतीस वर्षांनी तिला बोल लावणं बरं दिसत नाही. पुतण्याचा पगार चांगला आहे, पण गाडी जवळजवळ त्याच्याच वयाची आहे, म्हणून त्याच्या आईला सारखी काळजी असते की नोकरीत काही बिनसलंय आणि पोरगं सांगत नाही. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांच्या गाडीला 'ऐतिहासिक' अशी पाटी मिळू शकते. आपल्याकडे 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडीचं वय पन्नासच्या पुढे लागतं. इतिहासाच्या बाबतीत आपला हात जरा सढळ आहे. शिवाय तिकडे क्लचची गाडी हीच मुळात पुराणवस्तू. नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांत शंभरात एखाददुसरीच अशी निघते. पुतण्या म्हणतो, चोरानं काच फोडली तरी तीन पेडल बघून तो निघून जाईल.

तर पुतण्यानं किल्ली फिरवली. काही झालं नाही.

"काही झालं नाही" हे मी शब्दशः म्हणतोय. गाडी चालू न होण्याच्या तीन तऱ्हा आहेत. सेल्फ घरघर फिरतोय पण इंजिन घेत नाही, ही पहिली. मग पेट्रोल तरी पोचत नाही किंवा ठिणगी तरी पडत नाही. दुसरी म्हणजे टक्-टक्-टक् असा आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मलूल होतात. तेव्हा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर तिची टर्मिनल ढिली असतात. तिसरी म्हणजे चिडीचूप. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, पण किल्ली फिरवली की साधी 'खट्' सुद्धा नाही. आमची ही तिसरी तऱ्हा होती.

पाच मिनिटांत भोवती सात जण जमले. एक आणंदचे, एक गुंटूरचे, दोन आपले, आणि उरलेल्यांचं गाव कळलं नाही, पण मत कळलं. बॅटरी गेली, असं चौघांचं म्हणणं पडलं. हॉर्न वाजवून दाखवला तरी त्यांनी मत बदललं नाही. एकानं सेल्फवर पान्यानं दोन ठोके द्या म्हणून सांगितलं. हा इलाज खोटा नाही. अडकलेला सेल्फ ठोक्यानं कधीकधी सुटतो. पण ठोका म्हणणाऱ्या गृहस्थांना सेल्फ कुठे असतो हे माहीत नव्हतं आणि ते एअर फिल्टरकडे बोट दाखवत होते. एकानं "प्लग काढून पुसा" म्हटलं. हे वाक्य मी 1970 पासून ऐकतोय. त्यानं काय होतं ते होवो, सांगणाऱ्याला बरं वाटतं.

माझं लक्ष मात्र पुतण्याच्या पायाकडे होतं. दर वेळी किल्ली फिरवण्याआधी तो क्लच तळापर्यंत दाबत होता.

"अरे, न्यूट्रलला आहे ना? मग क्लच कशाला दाबतोस?"

"काका, दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. खाली स्विच आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. ज्या पिढीनं हँडलगिअरच्या गाड्या चालवल्या तिच्या दृष्टीनं गाडी आणि माणूस यांच्यात एक समजूत असायची. किल्लीला हात लावण्यापूर्वी गिअरचा दांडा हलवून बघायचा. सैल हलला तर न्यूट्रल. जेवणाआधी चित्राहुती घालावी तसा तो हात आपोआप व्हायचा. गाडी तुमचा शब्द प्रमाण मानायची. जुन्या विलीज जीपचं तर सेल्फचं बटणच पायाखाली, ॲक्सिलरेटरच्या शेजारी होतं. दाबा, आणि होईल त्याला सामोरे जा. आणि इथे ही परदेशी गाडी आधी पाय दाखवा म्हणते, मग पुढचं बोलू म्हणते! मला आमच्या कचेरीतले हयातीचे दाखले आठवले. माणूस समोर उभा आहे, बोलतो आहे, भांडतो आहे. पण दाखला कुठाय?

ही व्यवस्था अशी असते. क्लच पेडलच्या दांड्याजवळ, डॅशबोर्डच्या अंधारात, अंगठ्याएवढं एक बटण बसवलेलं असतं. त्याला दोन वायरी. किल्लीकडून निघालेला "सेल्फ फिरव" हा हुकूम या बटणातून पुढे रिलेकडे जातो आणि रिलेकडून सेल्फला. पेडल पूर्ण खाली गेलं की दांडा बटणाची दांडी आत ढकलतो, आत पितळेला पितळ टेकतं आणि हुकूम पुढे सरकतो. पेडल अर्धवट राहिलं तर हुकूम तिथेच थांबतो. सेल्फ हा मोठा साहेब. गार इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज खातो. बटणातून जातो तो करंट त्यापुढे चहाचा घोट. पण साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाला ओलांडून आजवर कोणी आत गेलंय का?

बरं, कायद्यानंच सक्ती असेल म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेचा 1968 पासूनचा जो केंद्रीय सुरक्षा नियम आहे, तो ऑटोमॅटिक गाड्यांपुरता: गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागता कामा नये. क्लचच्या गाड्यांना त्या नियमानं काही विचारलेलं नाही. तरीही कंपन्यांनी आपण होऊन हे शिपाई नेमले. तिथे चौकाचौकात अपघाताच्या वकिलांच्या पाट्या बघितल्यावर कारणाचा अंदाज मला तरी आला.

यात भांडणंही आहेत, आणि ती पोह्यांत शेंगदाणे हवेत की नकोत याच तोडीची. एक पंथ म्हणतो, क्लच दाबून चालू करणंच चांगलं. थंडीत गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं तेल ढवळण्याचं काम सेल्फवर पडत नाही. दुसरा पंथ म्हणतो, क्लच दाबला की क्रँकशाफ्टवर बाजूनं रेटा येतो, आणि त्या क्षणी इंजिनात तेलाचं प्रेशर चढलेलं नसतं, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर जोर. हे लोक वायर जोडून शिपायाला घरी पाठवतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, त्यामुळे हे भांडण मिटण्याची भीती नाही.

टोयोटाच्या काही जुन्या चारचाकी-जोराच्या पिकअपमध्ये तर डॅशबोर्डवर आणखी एक बटण असे: 'क्लच स्टार्ट कॅन्सल'. म्हणजे आधी एक बटण बसवायचं आणि मग त्या बटणाचं ऐकू नये म्हणून दुसरं. पण यामागे अक्कल आहे. खडकाळ चढावर इंजिन बंद पडलं तर क्लच दाबताच गाडी मागे घरंगळणार. त्याऐवजी पहिल्या गिअरमध्येच किल्ली मारायची. सेल्फच्या जोरावर गाडी इंच इंच वर सरकते आणि सरकता सरकता इंजिन धरतं. रेल्वेच्या फाटकात गाडी बंद पडली तर हेच करा, असं आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगायचे. पहिला गिअर टाका, क्लच सोडा, सेल्फ मारा, उचक्या देत का होईना पण रूळ ओलांडा. क्लचला शिपाई असेल तर तो तिथेही दाखला मागणार, आगगाडी येताना दिसत असली तरी.

सेल्फमुळे गाडी सरकते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते मी तेराव्या वर्षी प्रयोगानं सिद्ध केलेलं आहे.

1976 सालची मे महिन्याची सुट्टी. वडिलांची गाडी अंगणात उताराला उभी असे. हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, चाकाला दगड लावून ठेवत. कमरेला एक करदोरा असताना दुसरा बांधावा तसं. त्या दिवशी शेजारचा मित्र आला होता. वडील वामकुक्षीत. किल्ली खुंटीवर. मला गाडी चालवायची नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगतो. फक्त आवाज करून दाखवायचा होता.

मी किल्ली फिरवली. गाडीनं मान खाली घातली, एक उचकी दिली, दगडावर चढली, दुसरी उचकी दिली, दगडावरून उतरली आणि तिसऱ्या उचकीला इंजिननं धरलं. पुढे बारा फुटांवर तुळशीवृंदावन होतं. नंतर नव्हतं.

मित्र कुंपणावरून घरी गेला. वडील बाहेर आले, दाराशी उभे राहिले आणि आवाज न चढवता एकच प्रश्न विचारला: "न्यूट्रल बघितलं होतंस का?" आजीनं तर काही विचारलंच नाही. ती विटांच्या ढिगातून तुळशीचं रोप शोधत बसली. वृंदावन त्या सुट्टीत मीच बांधलं, गवंड्याच्या हाताखाली, आणि ते अजून जरा डावीकडे कललेलं आहे.

एका पिढीनं हा धडा वृंदावनावर गिरवला, त्याआधीच्यांनी स्वतःच्या बरगड्यांवर. फोर्डच्या मॉडेल टीला पुढून हँडल मारून चालू करावं लागे. थंडीत तिच्या क्लचच्या चकत्या घट्ट तेलामुळे एकमेकींना चिकटून राहत, आणि इंजिन धरताच गाडी हँडल मारणाऱ्या मालकाच्याच अंगावर मायेनं चालून येई. हँडलपासून सुटका केली चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांच्या विजेच्या 'सेल्फ स्टार्टर'सकट कॅडिलॅक 1912 साली बाजारात आली. तो शब्द आपल्याकडे येताना 'स्टार्टर' वाटेत गळून पडला आणि नुसता 'सेल्फ' उरला. "साहेब, सेल्फ घेत नाय," असं आपला फिटर म्हणतो तेव्हा तो एवढंच म्हणत असतो, पण ऐकताना अध्यात्म वाटतं.

असो. पार्किंगमध्ये आता सात तज्ज्ञांचे नऊ झाले होते आणि मागच्या सीटवरून केळीची पानं कोमेजायला लागल्याची सूचना येत होती. मी पुतण्याला म्हटलं, "तुझा हा शिपाई फक्त सेल्फच्या दारात बसतो ना? इंजिनाच्या नाही?"

"फक्त सेल्फच्या."

"मग मागच्या दारानं जाऊ. धक्का."

धक्का स्टार्ट हा शब्द ऐकताच नऊही जणांच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती मी विसरणार नाही. कुणी तीस वर्षांत, कुणी चाळीस वर्षांत गाडीला धक्का दिला नव्हता. लेक्ससचे, टेस्लाचे मालक, बाह्या सरसावून मागे उभे राहिले. मी खिडकीशी वाकून सांगितलं: किल्ली ऑन ठेव, गिअर दुसरा, पहिला नको, फार झटका बसतो. क्लच दाबून धर, गाडीनं वेग घेतला की झटकन सोड, आणि धरली की लगेच परत दाब. मराठीतून, गुजरातीतून, तेलुगूतून "हं, हं, हं" झालं. वीस पावलांवर गाडी एकदा खोकली आणि चालू झाली. टाळ्या पडल्या. मागच्या सीटवरून आमच्या हिनं सगळ्यांना गणपतीला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. पत्ता न सांगता.

घरी पोचल्यावर मी जमिनीवर उताणा होऊन डोकं पेडलपाशी आणि पाय न्यू जर्सीत असा पडलो. या वयात तिथे जाणं सोपं असतं, परतणं अवघड. टॉर्च लावला. बटण जागेवर, दोन वायरी जागेवर. पुतण्याला क्लच हातानं दाबायला सांगितलं. पेडलचा दांडा आला, बटणाला भिडला, आणि बटणाची दांडी त्या दांड्यातल्या एका भोकात अलगद शिरून पलीकडे निघाली. दाबली गेलीच नाही. शिपाई बसलाय, दाखला आलाय, पण शिक्का मारायला खाली टेबलच नाही.

त्या भोकात मुळात प्लॅस्टिकची एक टिकली बसवलेली असते, सदऱ्याच्या बटणाएवढी. बटणाची दांडी टेकावी एवढंच तिचं काम. तीस-पस्तीस वर्षं उन्हाळे-हिवाळे खाऊन ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि एके दिवशी भुगा होऊन मॅटवर पडतं. त्या काळच्या कित्येक जपानी गाड्यांना हे जुनं दुखणं आहे. अशीच टिकली ब्रेकच्या पेडललाही असते. ती गळाली की मागचे लाल दिवे रात्रभर जळत राहतात आणि सकाळी खरोखरच बॅटरी गेलेली असते.

"काकू," पुतण्या आत बघून ओरडला, "तुमचा चिवडा सापडला."

नवीन टिकली मागवली. तिच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त होता आणि यायला आठवडा. तोवर काय? पुतण्या म्हणाला, दोन वायरी एकत्र जोडून टाकू, कटकटच नको. बरेच लोक तसंच करतात. तासाभरापूर्वी मी आनंदानं हो म्हटलं असतं. पण पुतण्याची सहा वर्षांची मुलगी गॅरेजच्या दारात उभी राहून किल्लीकडे बघत होती. ती नजर मला ओळखीची वाटली. आणि गाडी, घराण्याच्या रीतीप्रमाणे, पहिल्या गिअरमध्ये उभी होती.

"वायरी जोडायच्या नाहीत," मी म्हटलं. "भोक बुजवायचं."

भोकावर बसेल असं चपटं, कडक, गंजणार नाही असं काहीतरी हवं होतं. गॅरेजमध्ये स्क्रूचे अठरा डबे निघाले, पण हवी तशी चकती एकात नाही. शेवटी आमची ही आतून पूजेचा डबा घेऊन आली. विड्यावर ठेवायला ती भारतातून नाणी घेऊन आली होती. देवापुढे चालती नाणी ठेवली की ती दूधवाल्याला जातात, म्हणून ती खास न चालणारी जपून ठेवते. त्यात चार आण्याचं एक निघालं, गेंड्याचं. स्टीलचं, एकोणीस मिलिमीटर. पुतण्यानं दांड्यावरची धूळ पुसली, इपॉक्सी लावली, नाणं भोकावर दाबलं आणि रात्रभर क्लॅम्प लावून ठेवला. गेंडा बटणाच्या बाजूला केला. म्हटलं, रोज ठोसे खायचेत, कातडी त्याचीच बरी.

चतुर्थीला सकाळी पुतण्यानं क्लच दाबला, किल्ली फिरवली, आणि सेल्फ लागला. मग मी त्याला क्लच न दाबता फिरवायला सांगितलं. चिडीचूप. समाधान झालं.

आठवड्यानं टपालानं नवी टिकली आली. ती अजून पाकिटातच आहे. पंचवीस पैशांचं नाणं 30 जून 2011 पासून भारतात चालत नाही. तिकडे रोज कामावर जातं.